राख आडवी आली तर? क्रूझआधीच्या फ्लाइटचा बॅकअप कसा ठरवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनहून शनिवारी सकाळच्या फ्लाइटने बार्सिलोना, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला तिथून सात रात्रींची क्रूझ. बरोबर नवरा, सात वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेल्या सासूबाई. फ्लाइट आणि क्रूझ वेगवेगळी बुक केलीत. आइसलँडमधला ज्वालामुखी कुरबुर करतोय अशा बातम्या यायला लागल्यात आणि प्रवासाला दहा-बारा दिवस आहेत, तर बॅकअप म्हणून ट्रेन बघू, गाडी काढू की फेरी, आणि फ्लाइट आत्ताच कॅन्सल करून टाकू का, असं ताईंनी विचारलंय.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं क्रूझ आणि क्रूझपर्यंत पोचवणारा प्रवास याचंच बुकिंग करते. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं बंद पाडली, तो आठवडा मी फोन कानाला लावूनच काढलाय, त्यामुळे जे सांगतेय ते कामातून आलेलं आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधी देते, कारण लोक नेमकं तेच घाईत करून बसतात. नाही, स्वतःहून कॅन्सल करू नका. का ते पुढे येईलच.

आता मला दिसतो तो खरा प्रॉब्लेम. ट्रेन की फेरी की गाडी हा मुद्दाच नाहीये, रस्ते आहेत आणि चांगले आहेत. अडचण वेळेची आहे. विमान कंपनी फ्लाइट रद्द करते ती आदल्या संध्याकाळी, नाहीतर त्याच दिवशी सकाळी, कधी कधी तर तुम्ही बॅगा देऊन गेटपाशी बसल्यावर. आणि जमिनीवरून लंडन ते बार्सिलोना म्हणजे सरळ सरळ एक दिवस. म्हणजे विमान नाहीये हे ज्या क्षणी पक्कं कळतं त्या क्षणी बाकीचे सगळे पर्याय हातातून गेलेले असतात, मग तिकीट शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं. तेव्हा बॅकअप प्लॅन म्हणजे नुसतं "ट्रेनने जाऊ" असं नाही, तर विमानावरचा भरवसा कुठल्या दिवशी किती वाजता सोडायचा ते आधीच ठरवलेलं असणं.

हे मोजायचं बोटीपासून मागे. बोट पाचला सुटते याचा अर्थ पाचपर्यंत गेलं की चालतं असा नाही, चेक-इन साधारण तासभर ते दीड तास आधी बंद होतं आणि प्रवाशांची यादी एकदा बंद झाली की बोट समोर दिसत असूनही चढता येत नाही. नेमकी वेळ तुमच्या क्रूझच्या कागदांवर असते, ती बघा. सासूबाई आणि लहान मूल बरोबर असताना मी शनिवारी दुपारी बारा हीच तुमची वेळ धरेन. आता ट्रेन. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून युरोस्टार या ट्रेनने पॅरिसचं गार द्यू नोर स्टेशन सव्वादोन-अडीच तास, तिथून आरईआर या पॅरिसच्या लोकलच्या डी लाइनने दोनच स्टेशनं पुढे पॅरिसमधलंच गार द लिऑन, आणि तिथून टीजीव्ही म्हणजे फ्रान्सची वेगवान ट्रेन थेट बार्सिलोना सांत्सला साधारण पावणेसात तासांत. लंडनहून सकाळी निघालात तर रात्री बार्सिलोना. म्हणजे ट्रेनने जायचं तर शुक्रवारी सकाळी निघायला हवं, म्हणजेच निर्णय गुरुवारी संध्याकाळी. तुमची फ्लाइट शनिवारची. गुरुवारी संध्याकाळी विमान कंपनी तुम्हाला काय सांगणार? "सध्या सर्व उड्डाणे वेळापत्रकानुसार." झालं.

मग शुक्रवारी रात्री पॅरिसपर्यंत जाऊन शनिवारी सकाळची गाडी पकडू असं कुणीतरी सुचवेलच. पावणेसात तास धरा, सकाळी सातला निघणारी गाडी असेल तरच दुपारी दोनला पोचाल, आणि इतक्या लवकरची थेट गाडी रोज असतेच असं नाही. साडेनऊ-दहाची असेल तर तुम्ही सांत्स स्टेशनवर उतरत असताना तिकडे बोटीचा जिना उचलत असतील. तो रस्ता धरू नका.

यावर माझं उत्तर एकच आहे आणि माझ्या सगळ्या कस्टमर्सना मी तेच सांगते. फ्लाइट अशा दिवशी ठेवा की ती रद्द झाली तरी जमिनीवरून वेळेत पोचता येईल. तुमच्या केसमध्ये तो दिवस गुरुवार. गुरुवारी सकाळची किंवा दुपारची फ्लाइट घेतलीत आणि ती उडाली तर प्रश्नच मिटला, दोन दिवस बार्सिलोना फिरा. नाही उडाली तर गुरुवारी दुपारीच कळेल आणि शुक्रवार सकाळची ट्रेन तुमच्या हातात असेल. शुक्रवारची फ्लाइट एरवी छान असते, साधा उशीर, हरवलेली बॅग, संप असल्या कटकटींसाठी एक दिवस आधी पोचणं पुरतं आणि क्रूझच्या दिवशीच विमानाने जायचं हे तर राख नसतानाही मी कुणाला करू देत नाही, पण राखेसाठी शुक्रवार धड इकडचा ना धड तिकडचा. शुक्रवारी सकाळी दहाला रद्द झाल्याचं कळलं तर त्या दिवशीची पॅरिसची दुपारची गाडी गाठणं जवळजवळ अशक्य.

बातम्या आल्या की बऱ्याच विमान कंपन्या काही तारखांसाठी फुकट तारीख बदलून देतात, पण ती सवलत बहुतेकदा प्रत्यक्ष गोंधळ सुरू झाल्यावर येते आणि तेव्हा गुरुवारच्या सीट्स उरलेल्या नसतात. तुमच्याकडे दहा-बारा दिवस आहेत, आजच बदलाची फी किती ते विचारा. फी भरून गुरुवार मिळत असेल तर मी भरेन. दोन जास्तीच्या रात्रींचं हॉटेल लागेल हे खरंय, ते फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या.

पण थांबा, तारीख बदलण्याआधी सासूबाईंचा पासपोर्ट काढा आणि शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी बघा. कुठल्या तारखेपासून, कुठल्या तारखेपर्यंत, आणि मुक्कामाचे दिवस किती. दूतावास पुष्कळदा सादर केलेल्या तिकिटांच्या तारखांप्रमाणेच व्हिसा देतात. "पासून" शनिवारची तारीख असेल तर गुरुवारी त्यांना जाताच येणार नाही, विमानानेही नाही आणि ट्रेननेही नाही, कारण फ्रेंच पोलिसांची तपासणी सेंट पँक्रासलाच होते, गाडीत बसायच्या आधी. तारीख आधीची असेल तरी मुक्कामाचे दिवस मोजा, क्रूझचे दिवस अधिक आधीचे दोन अधिक परतीला उशीर झाला तर लागणारे, आणि पोचल्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरतात. मी हे इतकं लांबण लावून सांगतेय कारण घरातल्या चार माणसांपैकी तिघांचा प्लॅन जुळतो आणि चौथ्याच्या स्टिकरवर सगळं अडकतं, हे मी पाहिलंय आणि ते नेहमी आदल्या रात्री लक्षात येतं. व्हिसा स्पेनने दिलेला असेल आणि आत फ्रान्समधून जात असाल तर त्यात बेकायदा काही नाही, फक्त क्रूझचं कन्फर्मेशन, बार्सिलोनाचं हॉटेल आणि पुढचं ट्रेनचं तिकीट छापून जवळ ठेवा, विचारलं की दाखवायचं. फोनवर आहे म्हणू नका, बॅटरी ऐन वेळीच जाते.

आता राखेबद्दल, कारण किती घाबरायचं हे त्यावर अवलंबून आहे.

आइसलँडमध्ये उद्रेक झाला की विमानं बंद, असं नसतं. २०२१ पासून तिथल्या रेक्यानेस द्वीपकल्पावर उद्रेकांची रांग लागली, ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं, टीव्हीवर लाव्हाचे झरे दाखवले, आणि युरोपातली विमानं नेहमीसारखी उडत राहिली. कारण तो उद्रेक भेगांमधून लाव्हा वाहण्याचा, त्यात राख फारशी वर जात नाही. २०१० चा एयाफ्यालायोकुल वेगळा होता. उद्रेक बर्फाच्या थराखाली, वितळलेलं पाणी तापलेल्या शिलारसावर, त्यातून अतिशय बारीक राख, आणि नेमके वारे वायव्येकडून म्हणजे थेट ब्रिटन आणि युरोपच्या दिशेने. १५ एप्रिलपासून जवळजवळ आठवडाभर उत्तर युरोपचं आकाश बंद होतं, एक लाखाच्या आसपास फ्लाइट्स गेल्या. तर बातमी आली की तीन गोष्टी बघायच्या, राख आहे का, किती उंच चाललीय, आणि वारा कुठे. तिन्ही तुमच्या विरुद्ध असतील तेव्हाच खरा त्रास. २०११ मध्ये ग्रिम्सव्होटनचा उद्रेक ताकदीने मोठा होता, पण गोंधळ काही दिवसांत आटोपला.

विमानाला राखेचं इतकं वावडं का, तर ही राख म्हणजे लाकडाची राख नव्हे, काचेचे आणि दगडाचे कण असतात. जेट इंजिनातल्या उष्णतेने ते वितळतात आणि पुढच्या थंड भागांवर परत घट्ट होऊन हवेचा रस्ताच बंद करतात. १९८२ मध्ये जावावरच्या गालुंगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जम्बोची चारही इंजिनं बंद पडली होती, नशिबाने खाली आल्यावर पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. १९८९ मध्ये अलास्कात केएलएमच्या विमानाचं तेच झालं. वर विमानातल्या हवामानाच्या रडारवर ही बारीक राख दिसत नाही. त्यामुळे "उगाच बाऊ करतात" म्हणणाऱ्या काकांकडे लक्ष देऊ नका.

२०१० नंतर नियम थोडे शहाणे झाले. आधी राख दिसली की बंद असा खाक्या होता, आता हवेत राख किती दाट आहे त्याप्रमाणे पट्टे करतात आणि त्यानुसार विमान कंपन्या ठरवतात. म्हणून २०१० सारखं सरसकट कुलूप लागण्याची शक्यता कमी, पण काही विमानतळ काही तास बंद, वळसे घालून जाणारी विमानं आणि उशीर हे होणारच.

बातम्यांपेक्षा दोन जागा बघत जा. एक म्हणजे आइसलँडच्या हवामान खात्याचा विमानांसाठीचा रंगकोड. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे हालचाल, नारिंगी म्हणजे उद्रेकाची शक्यता वाढलीय किंवा उद्रेक आहे पण राख नगण्य, लाल म्हणजे भरपूर राखेचा उद्रेक तोंडावर आहे किंवा सुरू झालाय. दुसरी, लंडन व्हीएएसी, म्हणजे ब्रिटिश मेट ऑफिस चालवतं ते राखेचा इशारा देणारं केंद्र. जगात अशी नऊ आहेत, आइसलँड लंडनकडे येतं. उद्रेक चालू असताना ते दर सहा तासांनी नकाशा काढतात, आत्ताची स्थिती आणि पुढच्या ६, १२ आणि १८ तासांचा अंदाज. त्यावर एफएल २०० असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे वीस हजार फूट. तुमचं विमान तीस-पस्तीस हजारांवरून जातं म्हणून खालच्या थरातली राख आपली नाही असं समजू नका, चढताना आणि उतरताना विमान त्याच थरातून जातं. लंडनवर खालच्या थरात राख असेल तर तुमच्यासाठी लंडन बंद. तसंच बार्सिलोनाकडेही बघा, मे २०१० मध्ये राख खाली सरकली आणि उत्तर स्पेनमधले विमानतळही बंद झाले होते.

एक गोष्ट नकाशात दिसत नाही ती म्हणजे नंतरचा गोंधळ. आकाश उघडलं अशी बातमी येते आणि लोक बॅगा उचलतात, पण विमानं आणि क्रू नको त्या शहरांत अडकलेले असतात, आणि आधीच्या चार दिवसांचे प्रवासी तुमच्या पुढे रांगेत असतात. आकाश बुधवारी उघडलं म्हणून शनिवारची फ्लाइट सुखरूप, हा हिशोब मी करणार नाही.

तारीख बदलता आलीच नाही, शनिवारचीच फ्लाइट ठेवावी लागली, तर? तर शुक्रवारची ट्रेनची तिकिटं आत्ताच घेऊन ठेवा, पैसे परत मिळणारी किंवा बदलता येणारी. महाग पडतील, पण तो फरक म्हणजे तुमचा विम्याचा हप्ता समजा. दोन्ही गाड्यांच्या अटी वेगवेगळ्या असतात, युरोस्टारचं बदलता येतं आणि टीजीव्हीचं स्वस्त तिकीट बदलता येत नाही असं व्हायला नको, म्हणून तिकीट परत करण्याची किंवा बदलण्याची शेवटची तारीख आणि वेळ दोन्हींची लिहून काढा आणि त्यातली जी आधीची ती तुमची निर्णयाची वेळ. २०१० मध्ये युरोस्टारने जादा गाड्या सोडल्या तरी सीट्स मिळत नव्हत्या, जॉन क्लीज या नटाने तर ओस्लोहून ब्रसेल्सपर्यंत टॅक्सी केली होती. मुद्दा हा की राख आली की सगळ्यांना एकदम ट्रेन आठवते. पॅरिस-बार्सिलोना थेट गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, त्या फुल दिसल्या तर हात टेकू नका, माँपेलिए किंवा पेर्पिन्यांपर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरी असं तुकड्यांत शोधा, लिऑन शहरातून बार्सिलोनाला गाडी आहे का तेही बघा.

मग गुरुवारी संध्याकाळचा निर्णय कसा घ्यायचा. माझा नियम असा की रंगकोड लाल आहे आणि १८ तासांच्या नकाशात राख दक्षिण इंग्लंडकडे येताना दिसतेय, तर ट्रेन. लाल आहे पण राख उत्तरेला नॉर्वेकडे किंवा वर ध्रुवाकडे चाललीय, तर पुढच्या दोन-तीन दिवसांचे वारे बघून ठरवायचं, इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलेल. नारिंगी किंवा त्याखाली असेल तर मी विमानाने जाईन आणि ट्रेनचं तिकीट परत करेन.

आता ते कॅन्सल करण्याचं. ब्रिटनमधून निघणाऱ्या फ्लाइटला युरोपचाच जुना प्रवासी हक्कांचा नियम ब्रिटिश कायद्यात लागू आहे. राख ही असाधारण परिस्थिती, त्यामुळे नुकसानभरपाई मिळत नाही, ते विसरा. पण विमान कंपनीने रद्द केली तर पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या मार्गाने पोचवणं यातलं एक निवडायचा हक्क तुमचा, आणि दुसरा मार्ग निवडलात तर तोवरचं जेवण आणि हॉटेल त्यांच्याकडे. २०१० च्याच राखेवरून चाललेल्या एका खटल्यात युरोपियन न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की या काळजी घेण्याला दिवसांची किंवा रकमेची मर्यादा नाही. तुम्ही स्वतः आधी कॅन्सल केलंत तर यातलं काहीच नाही, तिकिटाच्या अटीत असेल तेवढंच. आणि रद्द झाल्यावर घाईत पैसे परतचं बटण दाबू नका, ते दाबलं की पोचवण्याची जबाबदारी संपली. गुरुवारची फ्लाइट रद्द झाली आणि ते वेळेत पोचवू शकत नसतील तर क्रूझची तारीख सांगून ट्रेनने पोचवा अशी लेखी मागणी करा, नाही म्हणाले किंवा उत्तरच आलं नाही तर स्वतः ट्रेन घ्या आणि रास्त खर्च मागा. बिलं, मेसेज, रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट सगळं ठेवा.

यात एक खाच आहे. तुम्ही ट्रेनने गेलात आणि शनिवारची फ्लाइट प्रत्यक्षात उडाली, तर तुम्ही नो-शो, म्हणजे तिकीट असून न आलेले प्रवासी. जाणं-येणं एकाच तिकिटावर असेल तर बऱ्याच कंपन्या पुढचा प्रवास म्हणजे तुमचं परतीचं तिकीट आपोआप रद्द करतात. आठ दिवसांनी बार्सिलोनाच्या काउंटरवर कळतं. जाण्याची आणि येण्याची तिकिटं वेगळी असतील, स्वस्त कंपन्यांची बहुतेकदा तशीच असतात, तर हा त्रास नाही. एकच तिकीट असेल तर निघण्याआधी फोन करून परतीचं चालू ठेवा असं लेखी घ्या.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात. बातम्या आल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत हा उद्रेक बहुधा "आधीच माहीत असलेली घटना" म्हणून वगळलेला असेल, तेव्हा जुनी पॉलिसी असेल तर ती काढा आणि त्यात आकाश बंद होणं किंवा ज्वालामुखीची राख असा स्पष्ट उल्लेख आहे का बघा. नुसतं "मिस्ड डिपार्चर" म्हणजे निघण्याची वेळ चुकणं एवढं लिहिलेलं पुरत नाही, कित्येक पॉलिसीत ते गाडी बंद पडणं, अपघात एवढ्यापुरतंच असतं. पुढच्या बंदरावर बोट गाठण्याचा खर्च देतात का तेही विचारा, ईमेलवर. सासूबाईंची पॉलिसी भारतातली असेल तर ती वेगळी वाचायची.

क्रूझ कंपनीकडून काय अपेक्षा ठेवायची? फ्लाइट आणि क्रूझ त्यांच्याकडूनच पॅकेज म्हणून घेतली असती तर तुम्हाला पोचवणं किंवा पैसे देणं ही त्यांची डोकेदुखी झाली असती. वेगवेगळी घेतल्यावर त्यांच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत, आणि पैसे गेले. त्यांच्याच फ्लाइटने येणारे शेकडो लोक अडकले तर बोट काही तास थांबते कधी कधी, चौघांसाठी थांबत नाही. (२०१० मध्ये एका क्रूझ कंपनीने सेलिब्रिटी एक्लिप्स ही कोरी बोट स्पेनमधल्या बिल्बाओला पाठवून दोनेक हजार अडकलेल्या लोकांना घरी आणलं होतं, पण ते औदार्य होतं, कुणाचा हक्क नव्हता.)

बोट चुकलीच तर पुढचं बंदर. इथे तुमचा मार्ग महत्त्वाचा. दुसऱ्या दिवशी मार्सेय असेल तर ते तुम्हाला लंडनहून बार्सिलोनापेक्षा जवळ आहे, पॅरिसहून टीजीव्हीने सव्वातीन तास. जेनोआ किंवा रोमचं चिव्हितावेक्या असेल तरी रेल्वे आहे. पाल्मा असेल तर ते बेटावर, विमान बंद असताना पुन्हा बोटच शोधावी लागेल, त्यापेक्षा त्याच्या पुढचं बंदर गाठा. एमएससी आणि कोस्टासारख्या कंपन्या एरवीही वेगवेगळ्या बंदरांवर प्रवासी चढवतात, त्यांच्याकडे हे सोपं जातं, इतरांकडे परवानगी लागते. काहीही असलं तरी बोट सुटायच्या आधी फोन गेला पाहिजे, न कळवता गैरहजर राहिलात तर केबिनच रद्द होऊ शकते. क्रूझच्या कागदांवर बंदरातल्या एजंटचा आणि आणीबाणीचा नंबर असतो, तो आत्ताच फोनमध्ये आणि कागदावर लिहा. हेच अमेरिकेतल्या क्रूझला जाणाऱ्यांनी गृहीत धरू नका, तिथे १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी नोंदणीच्या बोटीला एका अमेरिकन बंदरात चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरात प्रवासी उतरवता येत नाहीत, त्यामुळे मधल्याच बंदरात चढायला कंपनी सरळ नाही म्हणू शकते.

गाडीचं आणि फेरीचं विचारलंत म्हणून सांगते. गाडी इंग्लंडमधल्या फोकस्टनहून समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्समधल्या कॅलेला ३५ मिनिटांत जाते, पण कॅलेपासून बार्सिलोना तेराशे किलोमीटरहून जास्त, सात वर्षांच्या मुलीबरोबर एक मुक्काम धरा, आणि गाडी तिथे ठेवलीत की परतही तीच चालवत यायचं, म्हणजे परतीचं विमान गेलं. भाड्याची गाडी ब्रिटनमध्ये घेऊन स्पेनमध्ये सोडायची हे जवळपास कुणी करू देत नाही. पोर्ट्समथहून बिल्बाओ-सांतांदेरची फेरी रोज नसते, एक ते दीड दिवस लागतो, आणि तिथून बार्सिलोना आणखी सहा-सात तास, म्हणजे बुधवारी निघायला हवं. तुमच्यासाठी मी दोन्ही खोडेन.

सामान ट्रेनच्या हिशोबाने भरा, विमानाच्या नाही. ट्रेनमध्ये वजन कुणी बघत नाही पण उचलायचं तुम्हालाच असतं, गार द्यू नोरच्या जिन्यांवरून चार मोठ्या बॅगा, एक मूल आणि सासूबाई हे चित्र डोळ्यांसमोर आणा. आरईआर स्वस्त आहे, तुमच्यासाठी मी टॅक्सीच घेईन, दोन गाड्यांमध्ये निदान दीड तास ठेवून. सासूबाईंच्या औषधांचा चार-पाच दिवस जास्तीचा साठा हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

तर ताई, सासूबाईंच्या व्हिसावरच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस, जाणं-येणं एकाच तिकिटावर आहे की वेगळं, आणि बोटीचं दुसरं बंदर कुठलं, एवढं कळवा. व्हिसा गुरुवारी चालत असेल तर आज रात्रीच विमान कंपनीला तारीख बदलायला फोन लावा, माझ्या उत्तरासाठी थांबू नका.